सोनं एकच, शेअर तीन दिशांना: २३ जुलै २०२४ च्या बजेटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका ट्रेडरचं आहे. नाव देत नाही, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात तेच इथं वापरतो, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत, त्यांना विचारूनच. अण्णा पंचावन्नच्या पुढचे, आधी हळदीच्या अडतीच्या धंद्यात होते, त्यामुळे वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा आत्ताच ठरवलेला सौदा, काय असतो हे त्यांना शेअर बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून माहिती. आता अडत धाकटा भाऊ बघतो आणि अण्णा घरून ट्रेडिंग करतात.

त्यांची एक सवय आहे जी मला मनापासून आवडते. रोज सकाळी साडेआठच्या आत ते त्या दिवसाचा अंदाज वहीत हाताने लिहितात. डाव्या पानावर गिफ्ट निफ्टी (आपला बाजार कुठं उघडेल याची सकाळची खूण), डाऊ (अमेरिकन शेअर निर्देशांक), क्रूड म्हणजे कच्चं तेल, डॉलर-रुपया, एफआयआय म्हणजे परदेशी गुंतवणूक संस्थांनी आदल्या दिवशी किती घेतलं किती विकलं, आणि उजव्या पानावर वरती लाल पेनने "सोनं" असं लिहून खाली त्यांचे सोन्याचे शेअर. मग पानाचा फोटो काढून पुण्यातल्या भाच्याला, दोघा चुलत भावांना आणि मला पाठवतात. पैसे घेत नाहीत, अमुक घ्या तमुक विका असं कुणाला सांगत नाहीत, फक्त आज बाजाराकडे मी कसा बघतोय एवढंच. पण घरातल्या माणसाने रोज पाठवलेला कागद आहे, तो वाचणारा त्यावरून पैसे लावतोच, हे या प्रकरणात पुढं येईल.

आता "सोनं" या उजव्या पानाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळा घोळ तिथं आहे. अण्णा एका अमेरिकन ट्रेडरचा रोजचा आउटलूक ऐकतात, त्यात शेअर मार्केट आणि गोल्ड शेअर असे दोन भाग असतात, आणि तिथं गोल्ड शेअर म्हणजे सोन्याच्या खाणीच्या कंपन्या, न्यूमाँट, बॅरिक वगैरे. खाणीचं गणित सरळ असतं. एक औंस सोनं काढायला समजा १,४०० डॉलर खर्च येतो आणि भाव २,००० आहे तर नफा ६०० डॉलर, भाव २,२०० झाला तर नफा ८००. म्हणजे सोनं १० टक्के वाढलं आणि नफा ३३ टक्के. म्हणून तिकडं "सोनं वर तर गोल्ड शेअर दुप्पट वेगाने वर" हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो, खाली येतानाही तसंच.

आपल्याकडं तसं नाहीये. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, हुट्टीची खाण कर्नाटक सरकारच्या कंपनीकडं आहे आणि ती लिस्टेड नाही. त्यामुळे आपल्या बाजारात कुणी "सोन्याचे शेअर" म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात: गोल्ड ईटीएफ (सोनं घेऊन ठेवणाऱ्या फंडाचे शेअरसारखे घेता-विकता येणारे युनिट) म्हणजे थेट सोन्याचा भाव, टायटन किंवा कल्याणसारखे दागिने विकणारे, आणि मुथूट, मणप्पुरमसारखे सोनं तारण ठेवून कर्ज देणारे. तिघांचा धंदा तीन प्रकारचा. अण्णांच्या वहीत मात्र तिघं एकाच लाल मथळ्याखाली आणि तिघांसमोर एकच बाण, वर किंवा खाली.

जुलै २०२४ ची परिस्थिती

४ जूनला निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी निफ्टी जो आपटला त्यानंतर अण्णा शेअरच्या बाबतीत जरा सांभाळून होते आणि सोन्याकडं झुकले होते. १७ जुलैला जागतिक बाजारात सोन्याने नवा उच्चांक केला, २,४८० डॉलरच्या आसपास, मग तिथून २,४०० पर्यंत खाली आलं होतं. फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, सप्टेंबरमध्ये व्याजदर कापणार अशी हवा होती. एकूण सोन्याच्या बाजूने बोलणारी कारणं भरपूर होती आणि ती खरीही होती.

अण्णांकडं तेव्हा काय होतं ते लिहितो:

गोल्ड ईटीएफ साधारण साडेसहा लाखांचे, २०२० ते २०२२ मध्ये थोडे थोडे घेतलेले, मुलीच्या लग्नासाठी. लग्न डिसेंबरात ठरलेलं. टायटनचे १०० शेअर. मुथूट फायनान्सचे १५० शेअर. आणि भाच्याकडं एमसीएक्स या वायदा बाजारात गोल्ड मिनी या छोट्या वायद्याचे दोन लॉट, तेजीचे म्हणजे भाव चढला तर फायदा देणारे, ७२,६०० ला घेतलेले. गोल्ड मिनीचा एक लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा असतो, म्हणजे भावात एक रुपया हलला की एका लॉटमागे दहा रुपये, दोन लॉटमागे वीस. हे वीस लक्षात ठेवा.

बजेट मंगळवारी २३ जुलैला होतं. सोन्यावर आयात शुल्क तेव्हा १५ टक्के. हे १५ आलं कुठून तर जुलै २०२२ मध्ये सरकारने १०.७५ वरून वाढवलं होतं. सराफ मंडळी दरवर्षी बजेटच्या आधी कमी करा म्हणून मागणी करायची, दरवर्षी काही व्हायचं नाही, त्यामुळे त्या बातमीकडं बघायची सवयच कुणाला राहिली नव्हती.

२३ तारखेच्या सकाळचा अंदाज

त्या दिवशीचं पान माझ्याकडं अजून आहे. डावीकडं: बजेटमुळे चढउतार जोरात, रेल्वे आणि डिफेन्स आधीच खूप पळालेत, भाषण संपेपर्यंत नवीन काही नको, कॅपिटल गेन टॅक्सला (शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या कराला) हात लागला तर मोठी विक्री. हे शेवटचं वाक्य शब्दशः खरं ठरलं. उजवीकडं: सोनं २,४०० डॉलरवर टिकून, फेडची कपात येतेय, ईटीएफ होल्ड, टायटन होल्ड, मुथूट होल्ड, तिघांसमोर वरचा बाण.

बघा, शेअरच्या पानावर बजेट होतं आणि सोन्याच्या पानावर बजेट हा शब्दच नव्हता.

अडचण काय होती

आपल्याकडचा सोन्याचा भाव तीन गोष्टींनी बनतो: डॉलरमधला भाव, डॉलर-रुपया, आणि ड्युटी म्हणजे आयात शुल्क. अण्णा पहिल्या दोन रोज बघायचे. तिसरी वर्षावर्षात बदलत नाही म्हणून ती गृहीत धरलेली. ढोबळ हिशोब असा होता: औंसाचा भाव २,४०० डॉलर भागिले ३१.१ ग्रॅम (एक औंस), गुणिले १०, गुणिले रुपया ८३.७०, म्हणजे साधारण ६४,६००. त्यावर १५ टक्के लावले की ७४,३०० च्या आसपास. एमसीएक्सवर भाव त्यापेक्षा थोडा खाली, ७२,७०० च्या जवळ चालू होता, कारण देशात मागणी थंड होती आणि व्यापारी डिस्काउंटने देत होते. आता त्याच ६४,६०० वर ६ टक्के लावून बघा, येतात ६८,५००. हा हिशोब वहीच्या कोपऱ्यात मावतो आणि त्याला कुठला चार्ट लागत नाही.

बाराच्या पुढे अर्थमंत्री निर्मला सीतारामन करांच्या भागाकडं आल्या आणि सोन्या-चांदीवरचं शुल्क १५ वरून ६ टक्के केलं. थोड्या वेळाने कॅपिटल गेन: शॉर्ट टर्म १५ चं २० टक्के, लाँग टर्म १० चं साडेबारा, वर एफ अँड ओ म्हणजे वायदे आणि ऑप्शनच्या सौद्यांवरचा एसटीटी हा करही वाढवला. सेन्सेक्स बाराशेपेक्षा जास्त अंकांनी खाली गेला आणि मग सावरत सावरत फक्त ७३ अंक खाली बंद झाला. आणि या गोंधळात अण्णांच्या उजव्या पानावरच्या तीन नावांनी तीन वाटा धरल्या. ईटीएफ खाली. टायटन वर, दिवसअखेर साडेसहा टक्क्यांच्या आसपास. गोल्ड लोनवाल्यांवर दाब, कारण तारण असलेलं सोनं एका दिवसात स्वस्त झालं.

पहिला निर्णय: आदल्या रात्रीचा

सोमवारी रात्री अण्णांसमोर काय मार्ग होते ते आम्ही नंतर बसून लिहून काढले. एक, सगळं आहे तसं ठेवणं. दोन, ईटीएफमधला अर्धा भाग विकून बजेटनंतर परत घेणं. तीन, भाच्याने लॉट कापणं किंवा निदान एक कमी करणं. चार, एमसीएक्सवर पुट, म्हणजे भाव पडला तर भरपाई देणारा सौदा, घेऊन ठेवणं.

त्यांनी पहिला घेतला, पण तो विचार करून घेतलेला नव्हता, प्रश्नच समोर आला नव्हता. मला विचाराल तर ईटीएफच्या बाबतीत पहिला मार्ग योग्यच होता, का ते पुढं येईल. भाच्याच्या बाबतीत मात्र तिसरा मार्ग इतका उघड होता की वाईट वाटतं. सोन्याच्या आयातीवर सरकारचा कर बसतो, तो कर ज्या भाषणात बदलू शकतो ते भाषण उद्या आहे, आणि आपण उधारीच्या जोरावर, म्हणजे किमतीचा थोडाच भाग भरून, दोन लॉट म्हणजे जवळपास साडेचौदा लाखांचं सोनं धरून बसलोय. ड्युटी वाढली असती तर फायदा झाला असता हे खरं, पण १५ वरून आणखी वर जायला जागा किती आणि खाली यायला जागा किती, एवढं तरी मनात यायला हवं होतं.

आणि मागचा दाखला होता. जुलै २०२२ मध्ये ड्युटी वाढवली तेव्हा देशातलं सोनं चढलं होतं आणि टायटन त्याच दिवशी पडला होता. म्हणजे ड्युटी हलली की ईटीएफ आणि टायटन उलट्या दिशेला जातात हे एकदा घडून गेलेलं. अण्णांनी त्या दिवसाचं पान काढून दाखवलं, त्यात "टायटन का पडला? बघणे" असं त्यांच्याच अक्षरात होतं.

दुसरा निर्णय: पावणेएकचा मेसेज

भाच्याने एसएल म्हणजे स्टॉपलॉस लावला होता, भाव ठरलेल्या आकड्याला उतरला की आपोआप विकायची ऑर्डर. ७२,२०० ला ट्रिगर, म्हणजे तिथं ऑर्डर जागी होणार, आणि ७२,१५० लिमिट, म्हणजे त्याखाली विकायचं नाही. बातमी आली तसा भाव त्या दोन आकड्यांमधून असा खाली गेला की ट्रिगर लागला पण लिमिटला घेणारा मिळाला नाही, ऑर्डर पेंडिंग राहिली आणि त्याला वाटत राहिलं की आपण बाहेर पडलो. हे कुठल्याही ब्रोकरच्या ॲपवर होऊ शकतं, लिमिटवाला एसएल बातमीच्या दिवशी असाच वागतो, त्यात ॲपचा दोष नाही. पोझिशन बघितली तेव्हा भाव ७०,५०० होता.

त्याने मामाला मेसेज टाकला. "मामा, दोन्ही लॉट अडकलेत, एसएल बसलाच नाही. काढू का थांबू?"

मामांचं उत्तर: "घाई नको. डॉलरमध्ये सोनं पडलेलं नाही. बाऊन्स येईल, तेव्हा काढ."

सगळ्या प्रकरणात मला हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबतो इथं. अण्णांनी बघितलेली गोष्ट खरी होती. डॉलरमध्ये सोनं खरंच २,४०० च्या जवळच होतं. पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ उलटा होता. एरवी देशातला भाव पडतो तो डॉलरच्या भावामुळे किंवा रुपयामुळे, आणि तसा पडला की भीती ओसरल्यावर काही भाग परत येतो, ट्रेडरला त्याची सवय झालेली असते. ड्युटी कापली जाते तेव्हा भावाचा तेवढा हिस्सा कायमचा काढून घेतलेला असतो. तो परत यायला सरकारनेच ड्युटी परत वाढवावी लागेल. म्हणजे "डॉलरमध्ये पडलेलं नाही" हे थांबायचं कारण नव्हतं, डॉलर मदतीला येणार नाही याचा तो पुरावा होता. वरचा हिशोब त्यांनी त्या पाच मिनिटांत केला असता तर ६८,५०० चा आकडा समोर आला असता आणि ७०,५०० ला विकायला मिळतंय हेच चांगलं वाटलं असतं.

भाच्याने ऐकलं. बाऊन्स आला नाही. शेअर बाजार साडेतीनला बंद झाला, एमसीएक्स रात्रीपर्यंत चालू, संध्याकाळी कंटाळून त्याने ६८,६०० ला दोन्ही लॉट काढले. ७२,६०० ला घेतलेले, म्हणजे ४,००० गुणिले वीस, ८०,००० रुपये गेले. त्यातले ३८,००० हे पावणेएकच्या मेसेजनंतरचे. त्याने मामाला एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट फोन करून "मामा तुम्ही मनाला लावून घेऊ नका" म्हणाला, आणि त्यामुळेच अण्णांना जास्त लागलं.

तिसरा निर्णय: ईटीएफ विकायचे की नाही

त्याच दुपारी घरात दुसरी चर्चा चालू होती. ईटीएफ साडेसहा लाखांचे होते ते सहा लाख दहा-पंधरा हजारांवर आलेले. अण्णांचा हात विक्रीच्या बटणावर. मुलीच्या लग्नाचे पैसे आहेत, अजून पडलं तर काय, असं त्यांचं म्हणणं, आणि बाप म्हणून ते समजण्यासारखं आहे.

वहिनी आत भाजी निवडत होत्या त्या बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "अहो पण दागिना स्वस्त झाला ना? रुपये नका सांगू मला, तोळे किती बसतात ते सांगा."

अण्णांनी मांडलं. आदल्या दिवशीच्या भावाने साडेसहा लाखांत नऊ तोळ्यांच्या जरा आत, आजच्या भावाने सहा लाख दहा-पंधरा हजारांत तेवढेच. तोळे हललेच नव्हते. ते ईटीएफ पहिल्यापासून पाटल्या आणि मंगळसूत्रासाठीच ठेवलेले, लग्नात रुपये अंगावर घालायचे नव्हते. सोनं स्वस्त झालं तर ईटीएफही स्वस्त आणि दागिनाही स्वस्त, घराला फरक शून्य. त्यातही घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी भावावर टक्क्यांत लागतात, म्हणजे कमी भावात घेतलं तर तो खर्च उलट थोडा कमीच.

इथं एक बारीक गोष्ट सांगतो कारण खूप जण यात चुकतात. ईटीएफचं एक युनिट म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग असं धरून लोक तोळे मोजतात. जुन्या फंडात दरवर्षीचा खर्च त्याच सोन्यातून वजा होत आलेला असतो, त्यामुळे एका युनिटमागचं सोनं शंभराव्या भागापेक्षा बरंच कमी झालेलं असतं. तोळे काढायचे तर युनिट मोजू नका, एकूण किंमत घ्या आणि त्या दिवशीच्या भावाने भागा.

मार्ग तीन होते: भीतीने विकून पैसे बँकेत ठेवणं, डिसेंबरपर्यंत धरून ठेवणं, किंवा आत्ता विकून आत्ताच दागिने करणं. पहिला मार्ग सगळ्यात धोक्याचा होता आणि अण्णा त्यालाच सुरक्षित समजत होते, कारण रुपये बँकेत आणि गरज सोन्याची, मध्ये भाव चढला तर खरा फटका तिथं बसला असता. वहिनींनी तिसऱ्याचा आग्रह धरला. ऐन लग्नसराईत सराफाकडं कारागीर मोकळा नसतो, डिझाइन मनासारखं मिळत नाही, आणि आत्ता भाव उतरलाय तर घेऊन टाकू, असं त्यांचं साधं म्हणणं.

चौथा निर्णय: बुधवारची सकाळ

२४ तारखेच्या पानावर अण्णांनी नवीन अंदाज लिहिला आणि यावेळी बाण वेगवेगळे होते. टायटनसमोर दोन वरचे बाण, मुथूटसमोर खालचा. सुधारणा झाली असं वाटेल, पण एक पायरी पुढचा विचार अजून नव्हता.

मुथूटचे सगळे १५० शेअर त्यांनी सकाळीच विकले, अठराशेच्या आसपास. कारण लिहिलं होतं: सोनं स्वस्त, तारण कमी, कर्ज बुडणार. आता हे मांडून बघू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तेव्हा या कंपन्यांना सोन्याच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देता यायचं. १०० चं सोनं, ७५ कर्ज. सोनं ९४ वर आलं तरी कर्ज ७५ च, म्हणजे ८० टक्क्यांच्या आत. तारण अजून कर्जाच्या वरच आहे. शिवाय किंमत धरताना तेव्हा मागच्या तीस दिवसांची सरासरी धरायचे, एका दिवसाचा भाव नाही. आणि घरचं मंगळसूत्र गहाण ठेवलेला माणूस सोनं सहा टक्के उतरलं म्हणून ते सोडून देत नाही. नवीन कर्ज देताना तोळ्यामागे रक्कम कमी बसेल, वाढीचा वेग काही महिने मंदावेल, इथपर्यंत ठीक होतं. सगळं विकून टाकण्याएवढं त्यात काही नव्हतं.

टायटनचे ६० शेअर वाढवले, साडेतीन हजारांच्या जरा आत. कारण: ड्युटी कमी, सोनं स्वस्त, गिऱ्हाईक वाढणार. तेही बरोबर, दुकानांत गर्दी झालीच. पण टायटनच्या तिजोरीत जे सोनं आधीच पडून होतं त्यावर जुनी १५ टक्क्यांची ड्युटी भरलेली होती. कंपनी सोन्याच्या भावाचं हेजिंग करते, म्हणजे भाव पडला तरी फटका बसू नये अशी सोय, ड्युटीचं होत नाही. तो माल आता ६ टक्केवाल्या भावाने विकायचा. म्हणजे विक्री वाढणार आणि त्याच वेळी जुन्या मालावर नुकसान येणार, दोन्ही एकदम. अण्णा अडतीतले, गोदामात महाग घेतलेली हळद असताना भाव उतरला तर काय होतं हे त्यांच्याएवढं कुणाला कळणार, तरी टायटन हा शब्द आला की ते शेअर बघतात, दुकान बघत नाहीत. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

शेवटी काय झालं

दागिने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाले. ईटीएफ विकले, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. युनिट एप्रिल २०२३ च्या आधीचे असल्याने नवीन नियमाने साडेबारा टक्के लाँग टर्म टॅक्स, तो बाजूला काढून ठेवला. आणि हो, वरच्या तोळ्यांच्या हिशोबात हा टॅक्स धरलेला नव्हता, त्यामुळे हातात तोळे थोडे कमीच पडले. २२ कॅरेटचा भाव तेव्हा तोळ्याला चौसष्ट हजारांच्या आतबाहेर होता. बजेटमध्ये पडलेला भाव सप्टेंबरपर्यंत डॉलरच्या जोरावर भरून निघाला आणि धनत्रयोदशीला तर त्याच्याही वर होता. वहिनींना यातलं काही आधी ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसा दावाही केला नाही, त्यांनी फक्त कशासाठी ठेवलंय ते धरून ठेवलं.

टायटन सप्टेंबरमध्ये खरेदीच्या बराच वर गेला, अण्णांनी विकला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिमाही निकाल आला, त्यात ड्युटी कपातीमुळे झालेला २९० कोटींचा फटका दाखवला होता, शेअर पडला. वाढवलेले ६० शेअर त्यांनी त्या आठवड्यात काढले, शेअरमागे तीनशेच्या आसपास तोटा घेऊन. आधीचे १०० अजून आहेत.

मुथूटचं दुखणं सगळ्यात मोठं. सोनं चढत गेलं, एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला भिडला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुथूट तीन हजारांच्या वर होता. भाच्याचे ८०,००० सगळ्यांना दिसले कारण ते खात्यातून गेले. मुथूटमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त राहून गेलं ते कुणाच्या स्टेटमेंटमध्ये येत नाही.

कुठं वेगळं करता आलं असतं

रोजचा अंदाज लिहिणं बंद करा असं मी अण्णांना कधीच म्हणणार नाही. लिहिलेलं होतं म्हणून तर आम्हाला हे सगळं पान उलटून बघता आलं, नाहीतर "त्या दिवशी बजेटने घात केला" एवढ्यावर विषय मिटला असता. पण पानाची आखणी बदलायला हवी होती आणि ती आता बदललीये. लाल मथळा गेला. ईटीएफच्या ओळीत डॉलर भाव, रुपया आणि ड्युटी असे तीन आकडे, ड्युटीचा आकडा बदलो न बदलो रोज लिहायचा. टायटनच्या ओळीत विक्री आणि हातातला माल. मुथूट आता घेतलेला नाही तरी त्याची ओळ ठेवलीये, तारण आणि कर्ज यातलं अंतर किती एवढंच. अमेरिकन ट्रेडरचा आउटलूक ते अजून ऐकतात, डॉलरमधल्या सोन्यासाठी तो चांगलाच आहे, फक्त खाणीचा नियम इकडं लावत नाहीत.

दुसरं, प्रत्येक गोष्टीसमोर ती कशासाठी आहे हे लिहायचं. लग्नासाठी, वर्षभरासाठी, आठवड्यासाठी. भाच्याचा लॉट आणि मुलीच्या पाटल्या एकाच बाणाखाली होत्या, त्यामुळे जिथं थांबायला हवं तिथं विकायची घाई आणि जिथं विकायला हवं तिथं थांबा असा सल्ला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने आकडे दिले की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. ते आकडे इक्विटीचे आहेत, पण उधारीवर मोठी पोझिशन आणि बातमीचा दिवस हे मिश्रण तिथं आणि इथं सारखंच.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचं एकमत नाही. अण्णांनी आता ठरवलंय की चालू बाजारात कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, सकाळचं पान एवढंच. मला ते पटत नाही. भाच्याने विचारलं यात काही चुकलं नव्हतं आणि उत्तर देण्यातही नव्हतं. चुकलं ते हे की उत्तरात आकडा नव्हता. "बाऊन्स येईल" याऐवजी "माझ्या हिशोबाने ६८,५०० पर्यंत जागा आहे" असं आलं असतं तर पोराने स्वतःच ठरवलं असतं. अण्णा म्हणतात पावणेएकला हिशोब सुचत नाही माणसाला. म्हणून १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटला, शनिवार असूनही बाजार चालू होता त्या दिवशी, त्यांनी शुक्रवारी रात्रीच पानाच्या खाली ड्युटी ४, ६ आणि १० टक्के झाली तर भाव कुठं येईल ते तीन आकडे लिहून पाठवले. सोन्याची ड्युटी ६ टक्केच राहिली, ४ आणि १० चे आकडे लागलेच नाहीत. भाच्याने त्या दिवशी लॉट घेतलेलाच नव्हता, पण पान वाचून त्याने उलटा प्रश्न पाठवला की मामा, दागिन्यांवरची ड्युटी २५ वरून २० केली, मग टायटनच्या ओळीत काय लिहायचं?